वृद्धनिवासाची पारख

जुन्या धर्मादाय वृद्धाश्रमांबरोबरच बंगळूर शहरात आता शुल्क घेऊन दैनंदिन कामांत साहाय्य देणारे वृद्धनिवासही उभे राहिले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी राज्य सरकारने एक तरी वृद्धाश्रम स्थापावा, अशी अपेक्षा २००७ च्या केंद्रीय कायद्यात आहे. सशुल्क निवासाची पारख मात्र कुटुंबालाच करावी लागते. ती इमारतीच्या शोभेवरून करू नये. पूर्वसूचना न देता, सायंकाळच्या भोजनसमयी भेट द्यावी. रात्री किती परिचारक जागे असतात? घंटा वाजविल्यावर कोणी येते काय? स्नानगृहात आधारासाठी दांडी आहे काय? भाषेचा प्रश्नही गौण नाही. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी विसरते व मातृभाषा तेवढी उरते. मराठी वृद्धेचे ‘दुखतंय’ कन्नडभाषी परिचारिकेला कळले नाही, तर जवळचा वैद्यही निरुपयोगी ठरतो. अखेरीस करारपत्र वाचावे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस तेथेच ठेवून घेतील, की घरी परत पाठवतील? हिंडत्याफिरत्या माणसाची सोय कोठेही होते. निवासाची खरी कसोटी त्यानंतर लागते.