एक गेला की दोघांनी सरकायचं

लोणावळा, कामशेत, वडगाव या पट्ट्यातल्या शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो मधल्या फळीला बचाव शिकवायला. गोल खाल्ला की सगळे गोलकीपरकडे आणि सेंटर बॅककडे बघतात. त्याच्या दहा सेकंद आधी मैदानाच्या मधोमध काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. तिथलंच थोडं लिहितो.

१. चेंडूवर एकानेच जायचं. तीन मिडफिल्डर खेळत असतील आणि डावीकडचा चेंडूवर गेला, तर मधल्याने त्याच्या तिरकं मागे यायचं आणि उजवीकडच्याने आत, मध्यभागी सरकायचं. मग उजवी बाजू मोकळी राहते. मुलांना याची भीती वाटते, पण ती राहू द्यायची. मोठ्या मैदानाची रुंदी ६८ मीटर असते. तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला बावीस मीटरहून जास्त येतात आणि एवढी जागा एकट्याला राखता येत नाही. लांबची बाजू सोडली तरी चालतं, कारण तिकडे जाणारा पास बराच वेळ हवेत असतो आणि तेवढ्यात सगळी फळी सरकू शकते. मधून जाणारा छोटा पास मात्र असा वेळ देत नाही. एकदा तो गेला की समोरचा खेळाडू थेट आपल्या सेंटर बॅकसमोर उभा असतो.

२. रांग मोडायची नाही. आषाढात मावळात भातलावणी चालते तेव्हा माणसं एका ओळीत वाकून, पाऊल पाऊल मागे सरत लावत जातात. हात चालू असतात, पण शेजारचा कुठे आहे याचं भान सुटत नाही. मधल्या फळीने मागे हटताना नेमकं हेच करायचं असतं. आमची बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची, त्यामुळे फळ्यावर बाण काढण्यापेक्षा हे सांगितलेलं त्यांना लवकर उमगतं.

३. धावण्याचा कोन महत्त्वाचा. चेंडूवाल्याकडे सरळ धावत गेलं तर तो बाजूने पास देऊन मोकळा होतो. थोडं वळसा घालून, आपल्या पाठीमागे असलेला त्याचा जोडीदार आपल्या अंगाआड झाकला जाईल असं गेलं, तर एकाच धावेत दोघं अडतात. त्यासाठी निघण्याआधी मान वळवून मागे बघावं लागतं. संघ निवडताना मी मुलाची किक नंतर बघतो. चेंडू लांब असताना तो किती वेळा मागे बघतो, हे आधी बघतो.

४. बोलायचं, आणि मागच्याने पुढच्याशी बोलायचं. हा धडा मला लोणावळ्याच्या धुक्याने दिला. जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी मध्यरेषेवरून गोलपोस्ट दिसत नाही, पलीकडचा विंगर तर नुसता हलता ठिपका असतो. अशा दिवशी गप्प संघाची फळी पाच मिनिटांत विस्कटते. मागच्या खेळाडूला पुढचं जास्त दिसतं, म्हणून हाक त्याचीच हवी. ती छोटी असावी: "जा", "थांब", "डावीकडे काढ", "मागे माणूस". नुसतं नाव पुकारून उपयोग नाही, कारण नाव ऐकून मुलगा वळून बघतो आणि तेवढ्यात चेंडू निघून जातो. आणि हाक पास सुटायच्या आधी हवी. ऊन पडलं, सगळं स्वच्छ दिसू लागलं की मुलं पुन्हा मुकी होतात. म्हणून पावसाळा संपल्यावर मी हाकांचा सराव वाढवतो.

५. मैदान बघून अंतर ठरवायचं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तळेगावात त्याच्या कितीतरी कमी. लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, पण खेळ वेगळा. आमच्याकडे पावसात जमिनीवरचा पास डबक्यात अडकतो, म्हणून सगळे उंच मारतात. अशा चेंडूखाली तिघांनी गोळा व्हायचं नाही. एकाने उडी मारायची, दोघांनी चेंडू जिथे पडेल तिथे राहायचं. तळेगावच्या कडक मैदानावर पास पळतो, तिथे अंतर आणखी कमी ठेवावं लागतं.

६. टॅकल सगळ्यात शेवटी. चिखलात घसरत जाऊन केलेल्या टॅकलला टाळ्या पडतात, पण ती चुकली तर तो मुलगा जमिनीवर आणि आपली फळी एकाने कमी. समोरच्याला रोखून उभं राहिलं आणि त्याला मागे पास द्यावा लागला, तर काम झालं.

७. सामना मैदानात जाऊन, उंचावरून बघावा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, आपल्याला शिकायचं असतं ते चेंडूपासून लांब घडतं. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये डेरिक परेरा यांच्या हाताखाली पुणे एफसी दुसरा आला. तो संघ बालेवाडीत खेळायचा, इथून लोकल धरून जाता यायचं. आता तो संघ नाही, आणि या मुलांना जवळपास तसं काही बघायला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. मग २०२२ च्या विश्वचषकातला मोरोक्को दाखवतो. उपांत्य फेरीपर्यंत त्यांनी एकच गोल खाल्ला, तोही कॅनडाविरुद्धचा स्वयंगोल. स्पेनविरुद्ध मुलांना पेनल्टी अडवणारा बोनो आठवतो. मी त्यांना त्याआधीची १२० मिनिटं बघायला लावतो: बचावफळीपुढे अमराबात, त्याच्या पुढे ऊनाही आणि अमल्लाह. स्पेन पासमागून पास देत राहिला आणि मधून वाट मिळालीच नाही. दहा मिनिटं फक्त अमराबातकडे बघा, चेंडूकडे नको, असं सांगतो.

८. चेंडूशिवाय सराव. एसी मिलानचे प्रशिक्षक अरिगो साक्की खेळाडूंना चेंडू न देता, तो अमुक ठिकाणी आहे असं समजून सरकायला लावत. आघाडीपासून बचावापर्यंत संघ पंचवीस मीटरमध्ये राहावा हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या मिलानने १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. मैदानात पाणी साचलं की आम्ही हेच शाळेच्या सभागृहात करतो. मी भिंतीवरच्या आकड्यांपैकी एक पुकारतो, चेंडू तिथे आहे असं धरायचं, एकाने जायचं आणि दोघांनी सरकायचं. पहिला आठवडा मुलं कंटाळतात. मग कोण उशिरा सरकला, हे ती स्वतःच एकमेकांना सांगायला लागतात.