सर विल्यम रोथेन्स्टाईन : शिळाछापकार व चित्रकार

मनुष्याचा चेहरा आपण रोज पाहतों, पण न्याहाळून फार थोड्यांचा पाहतों. "डोळे मिट आणि शेजारच्या सोबत्याच्या चेहऱ्याचें वर्णन कर," असें गुरुजींनीं सांगितलें, तर दोनचार वाक्यांपलीकडे आपली मजल जाणार नाहीं. ज्यांनीं आपलें बहुतेक आयुष्य दुसऱ्यांचे चेहरे पाहण्यांत व त्यांमागील गुण ओळखण्यांत वेंचिलें, अशा एका इंग्रज चित्रकाराचें चरित्र आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव सर विल्यम रोथेन्स्टाईन. त्यांच्या गुणग्राहकतेचें ऋण आपल्या देशावरहि आहे, हें पुढें दिसून येईल.

रोथेन्स्टाईन यांचा जन्म ता. २९ जानेवारी १८७२ रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत ब्रॅडफर्ड या गांवीं झाला. हा गांव त्या काळीं लोंकरीच्या गिरण्यांबद्दल प्रसिद्ध होता. त्यांचे वडील मॉरिट्झ हे जर्मनींतून येऊन तेथें लोंकरीच्या व्यापारांत स्थिरावलेले यहुदी गृहस्थ होते. ब्रॅडफर्डच्या ग्रामर स्कुलांत कांहीं वर्षें शिकल्यावर १८८८ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, विल्यम लंडनच्या स्लेड कलाशाळेंत दाखल झाले. तेथील मुख्य अध्यापक आल्फॉन्स लग्रो हे फ्रेंच होते व रेखाटनाच्या शिस्तीविषयीं त्यांचा कटाक्ष फार. रंगाला हात घालण्यापूर्वीं रेषा शुद्ध झाली पाहिजे, ही त्यांची शिकवण रोथेन्स्टाईन यांस जन्मभर उपयोगीं पडली. पुढील वर्षीं ते पॅरिस येथें जाऊन ज्युलियन यांच्या कलाशाळेंत शिकूं लागले. तेथें व्हिसलर, देगा, पिसारो, तुलूझ-लोत्रेक अशा थोर चित्रकारांशीं त्यांचा परिचय झाला. ज्यांना पाहण्यासाठीं लोकांनीं दुरून यावें अशांच्या पायाशीं बसण्याची संधि विशीच्या आंत मिळाली, आणि ती त्यांनीं वायां जाऊं दिली नाहीं.

१८९३ सालीं त्यांच्या हातीं पहिलें मोठें काम आलें. जॉन लेन नांवाच्या लंडनच्या प्रकाशकानें ऑक्सफर्ड येथील चोवीस व्यक्तींचीं चित्रें शिळाछापानें काढून देण्यास त्यांना सांगितलें. चित्रकाराचें वय अवघें एकवीस! हीं चित्रें भागाभागानें प्रसिद्ध होऊन १८९६ मध्यें "ऑक्सफर्ड कॅरॅक्टर्स" या नांवानें पुरीं झालीं.

येथें शिळाछाप म्हणजे काय, हें बालवाचकांसाठीं थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. बव्हेरियांत आलॉइस सेनेफेल्डर यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ति शोधून काढली. तिचें सारें मर्म एका घरगुती अनुभवांत आहे: तेल आणि पाणी एकजीव होत नाहीं. विशिष्ट जातीच्या चुनखडीची सपाट शिळा घासून तयार करतात व तिजवर तेलकट खडूनें चित्र काढतात. मग डिंकाच्या पाण्यांत थोडें तेजाब मिसळून तें वरून फिरवितात. त्यामुळें चित्राच्या रेषा शिळेंत पक्क्या बसतात आणि उरलेली कोरी जागा पाणी धरूं लागते. पुढें शिळा ओली करून तिजवर शाईचा रूळ फिरविला, कीं ओल्या जागेस शाई लागत नाहीं. तेलकट रेषा मात्र ती उचलतात. मग वर कागद ठेवून दाबयंत्रांतून काढला म्हणजे चित्र उमटतें. परंतु तें उलटें उमटतें, उजवी बाजू डावीकडे येते. खोदकामाच्या ठशांत कारागीर चित्रकाराच्या रेषेची नक्कल करतो. येथें चित्रकाराच्या बोटाचा दाब जसाच्या तसा कागदावर उतरतो. म्हणूनच येथें चूक लपविणें कठीण. महाराष्ट्रासहि ही कला नवी नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईस १८३१ सालीं मराठी पंचांग शिळेवरच छापलें, आणि राजा रविवर्मा यांच्या १८९४ सालीं निघालेल्या छापखान्यांतील रंगीत तसबिरी याच कृतीनें, रंगारंगाच्या निरनिराळ्या शिळा वापरून, निघत असत.

ऑक्सफर्डच्या चित्रमालेंत वयोवृद्ध विद्वान् होते, तसे विद्यार्थीहि होते. मॅक्स बिअरबोम हा त्यांपैकीं एक विद्यार्थी पुढें लेखक व व्यंगचित्रकार म्हणून नांवारूपास आला व रोथेन्स्टाईन यांचा जन्माचा मित्र झाला. पण सर्वच चेहरे प्रसन्न झाले असें नाहीं. वॉल्टर पेटर या सुविख्यात निबंधकारांस आपलें चित्र मुळींच रुचलें नाहीं. तरुण चित्रकारापुढें येथें मोठाच प्रश्न होता. मोठ्या माणसास खूष करावें, कीं डोळ्यांनीं जें पाहिलें तें काढावें? चेहऱ्यावरील सुरकुती पुसून टाकणें सोपें असतें. पण तिच्याबरोबर त्या माणसाचें जागरण व चिंतनहि पुसलें जातें. रोथेन्स्टाईन यांनीं खुशामतीचा मार्ग धरिला नाहीं, आणि कोणाची थट्टाहि केली नाहीं.

त्यांच्या निर्भीडपणाचा आणखी एक दाखला १८९७ सालचा आहे. चित्र प्रत्यक्ष शिळेवर न काढतां एका खास कागदावर काढून मग शिळेवर उतरवून घेण्याची सोपी रीत तेव्हां रूढ झाली होती. अशा चित्रांस शिळाछाप म्हणून विकणें हें प्रामाणिकपणाचें नव्हे, असें वॉल्टर सिकर्ट या चित्रकारानें एका साप्ताहिकांत लिहिलें. त्यावरून जोसेफ पेनेल यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लाविली. व्हिसलर यांनीं फिर्यादीच्या बाजूनें साक्ष दिली. रोथेन्स्टाईन यांनीं सिकर्टच्या बाजूनें दिली. ज्यांना ते गुरुस्थानीं मानीत, त्यांच्याविरुद्ध भर कोर्टांत उभें राहणें ही लहान गोष्ट नव्हे. खटला पेनेल जिंकले व त्यांस पन्नास पौंड नुकसानभरपाई मिळाली. कोणाचें मत बरोबर, हा वाद आम्ही तज्ज्ञांवर सोंपवितों; परंतु आपल्या कलेविषयीं जें खरें वाटलें तें सांगण्यास रोथेन्स्टाईन कचरले नाहींत, एवढें खास.

१८९९ सालीं ॲलिस न्यूस्टब या अभिनेत्रीशीं त्यांचा विवाह झाला. "दि डॉल्स हाऊस" हें त्यांचें गाजलेलें तैलचित्र त्याच वर्षींचें. पुढें लंडनच्या पूर्वभागांतील गरीब यहुदी निर्वासितांचें प्रार्थनामंदिर त्यांच्या दृष्टीस पडलें. शालीखालीं मस्तक लववून प्रार्थना करणाऱ्या वृद्धांचीं जीं चित्रें त्यांनीं काढलीं, त्यांत १९०६ सालचें मंदिरांतील शोकाचें चित्र विशेष प्रसिद्ध असून तें लंडनच्या टेट चित्रालयांत आहे. ऑक्सफर्डच्या पंडितास जो आदर त्यांनीं दिला, तोच या निराश्रितांसहि दिला.

आतां हिंदुस्थानाची कथा. १९१० च्या जानेवारींत लंडन येथें हॅवेल यांनीं हिंदी कलेवर व्याख्यान दिलें. अध्यक्षस्थानीं सर जॉर्ज बर्डवुड होते. ते जन्मानें बेळगांवचे, मुंबईस अनेक वर्षें राहिलेले, आणि आपल्या कारागिरीचे खरेखुरे चाहते. तरीहि हिंदुस्थानांत उच्च ललितकला नाहीं असें सांगून त्यांनीं जावा बेटांतील एका बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगाशीं केली! यावर तेरा कलावंत व कलाप्रेमी मंडळींनीं "टाइम्स" पत्रांत २८ फेब्रुवारीस जाहीर निषेध प्रसिद्ध केला. त्यांत रोथेन्स्टाईन यांची सही होती, आणि त्याच वर्षीं निघालेल्या इंडिया सोसायटीच्या संस्थापकांतहि ते होते.

पण सही करून ते स्वस्थ बसले नाहींत. ज्याची आपण बाजू घेतली तें स्वतः पाहावें म्हणून १९१० च्या अखेरीस ते हिंदुस्थानांत आले. त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांत लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई, नंदलाल बोस आदि तरुण चित्रकारांच्या साहाय्यानें, भित्तिचित्रांच्या नकला करीत होत्या. तें कामहि त्यांनीं पाहिलें. या नकला इंडिया सोसायटीनें १९१५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. काशीचे घाट पाहून रोथेन्स्टाईन कलकत्त्यास गेले. तेथें जोडासांकोच्या ठाकूरवाड्यांत अवनींद्रनाथ व गगनेंद्रनाथ यांच्याकडे जात असतां, शुभ्र वस्त्रांत मुकाट्यानें बसणारे त्यांचे एक काका त्यांना दिसले. त्या चेहऱ्यानें त्यांचें लक्ष वेधलें व त्यांनीं परवानगी घेऊन त्यांचें चित्र रेखाटलें. हे गृहस्थ बंगालचे अग्रगण्य कवि आहेत, हें त्यांना तेव्हां कोणी सांगितलें नव्हतें! ते होते रवींद्रनाथ ठाकूर.

१९१२ च्या उन्हाळ्यांत रवींद्रनाथ लंडनला गेले. स्वतः केलेल्या इंग्रजी भाषांतरांची वही त्यांच्या सामानांत होती. ती ज्या पेटींत होती ती पेटी त्यांचे चिरंजीव भुयारी आगगाडींत विसरले. सुदैवानें हरवलेल्या वस्तूंच्या कचेरींत ती सांपडली. वही रोथेन्स्टाईन यांच्या हातीं पडली. त्यांनीं ती वाचली, आणि आयर्लंडचे कवि येट्स यांजकडे पाठविली. पुढें हॅम्पस्टेड येथील आपल्या घरीं मित्रमंडळी बोलावून त्यांनीं येट्स यांच्या मुखानें त्या कविता ऐकविल्या. त्याच वर्षीं इंडिया सोसायटीनें "गीतांजलि"च्या ७५० प्रती छापिल्या. आरंभीं रोथेन्स्टाईन यांनीं काढलेलें कवीचें चित्र होतें, व ग्रंथ त्यांनाच अर्पण केला होता. १९१३ सालीं रवींद्रनाथांस नोबेल पारितोषिक मिळालें. कवीची प्रतिभा कवीचीच; परंतु ती जगाच्या दारीं नेऊन पोंचविणारा हात या चित्रकाराचा होता.

पहिल्या महायुद्धांत जर्मन नांवाच्या माणसांकडे इंग्लंडांत संशयानें पाहिलें जाई. त्यांचे बंधु चार्ल्स व आल्बर्ट यांनीं १९१६ सालीं रदरस्टन असें नांव घेतलें. विल्यम यांनीं पित्याचें नांव सोडलें नाहीं. तेंच नांव घेऊन ते फ्रान्सच्या रणभूमीवर इंग्लंडचे चित्रकार म्हणून गेले व उद्ध्वस्त गांवांचीं चित्रें काढून आणलीं. १९२० पासून १९३५ पर्यंत ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे मुख्याध्यापक होते. खाणकामगाराचा मुलगा हेन्री मूर तेथें विद्यार्थी होता. त्याची शिल्पशैली रोथेन्स्टाईन यांच्या शैलीहून अगदीं निराळी; तरी त्याचे गुण ओळखून त्यांनीं त्याला तेथेंच शिक्षक नेमलें. १९३१ सालीं त्यांस "सर" ही पदवी मिळाली. दुसऱ्या महायुद्धांत सत्तरीच्या घरांत असतांहि ते विमानदळाच्या तळांवर जाऊन तरुण वैमानिकांचे चेहरे रेखाटीत राहिले. ता. १४ फेब्रुवारी १९४५ रोजीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील फार ओकरिज या खेड्यांत ते निवर्तले.

इंग्लंडच्या चित्रकारांत त्यांचें नांव अगदीं अग्रभागीं घेतलें जात नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांनीं ज्यांचे चेहरे काढले त्यांपैकीं अनेकांची कीर्ति त्यांच्या कीर्तीहून मोठी झाली. पण त्यांत उणेपणा कसला? दिवा दुसऱ्याचें मुख दाखवितो, म्हणून तो लहान ठरत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या वर्गांतहि एखादा मुलगा मागच्या बांकावर मुकाट्यानें बसलेला असतो. त्याच्यापाशीं काय आहे, हें त्याला विचारण्याची तसदी आपण घेतली आहे काय? आणि पालकांसहि आमची एक विनंती आहे. लोंकरीच्या व्यापाऱ्यानें आपल्या सोळा वर्षांच्या मुलास पेढीवर न बसवितां चित्रशाळेंत जाऊं दिलें. मुलाच्या वहीच्या कडेला चेहरे काढलेले आढळल्यास रागावण्यापूर्वीं ते नीट पाहावे. परमेश्वरानें सोंपविलेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या तासास ऐकतों. स्वतःला मिळालेलें द्रव्य वाढविणें हें कर्तव्य खरेंच. परंतु दुसऱ्याचें पुरलेलें द्रव्य ओळखून तें उजेडांत आणणें, हेंहि त्याच धन्याचें काम आहे.