बर्फाखालची माती आणि मेथीची जुडी

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिनिआपोलिसला राहते. तिने जुने घर घेतले आहे, मागे अंगण आहे. तिथे मेथी-कोथिंबीर लावायची म्हणते, पण शेजारी सांगतात, आधी माती तपासून घे. वर्षातले कित्येक महिने गोठणारी माती आपोआप शुद्ध होत नाही का? आणि एवढ्या थंडीत मेथी येईल का?

उत्तर : मेथी नक्की येईल. मेथी, पालक, मुळा, वाटाणा यांना गारवा मानवतो. शिवाय तिथे जूनमधला दिवस साडेपंधरा तासांचा असतो; मुंबईत तो सव्वातेराच्या आसपास. हंगाम छोटा, पण ऊन भरपूर. एवढ्या मोठ्या दिवसांत कोथिंबीर आणि पालक मात्र लवकर फुलावर येतात, म्हणून पेरणी वसंतात लवकर करावी. भेंडी-टोमॅटोला नुसती हवा नव्हे, मातीही उबदार लागते. त्यांची घाई मेअखेरपर्यंत करू नये.

पण शेजाऱ्यांचा सल्ला योग्य आहे. तिथली खरी अडचण थंडी नाही, शिसे आहे. अमेरिकेत घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, रस्त्यावरच्या गाड्यांच्या शिसेयुक्त पेट्रोलवर १९९६ मध्ये. त्याआधी भिंतींचे पोपडे आणि गाड्यांचा धूर जमिनीवरच उतरत होता. जुन्या घराच्या भिंतीलगत आणि रहदारीच्या रस्त्याकडेला शिसे जास्त सापडते ते त्यामुळेच.

गोठल्याने काही किडी मरतात, मातीची ढेकळे भुसभुशीत होतात. शिसे मात्र मूलद्रव्य आहे; ते कुजत नाही, विरत नाही. मातीच्या कणांना ते घट्ट चिकटते, त्यामुळे वितळलेल्या बर्फाचे पाणी ते फारसे खाली नेत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे शिसे आजही वरच्या थरात असू शकते.

दुसरा गैरसमज असा, की रोप सगळे विष शोषून घेते. शिसे मुळांतून वर फार थोडे चढते आणि फळात सर्वांत कमी पोहोचते. धोका मुख्यतः पानांना, कंदांना आणि हातांना लागलेल्या मातीचा, लहान मुलांना तर फारच. म्हणून चाचणी हवीच. मिनेसोटा विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत ती होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२४ मध्ये घराच्या अंगणासाठी सावधगिरीची पातळी दहा लाख भागांत ४०० वरून २०० भागांवर आणली.

आकडा जास्त आला, तर भिंतीपासून दूर गादीवाफे करावेत. तळाशी जाड कापड अंथरून वर फूटभर विकतची स्वच्छ माती आणि कंपोस्ट भरावे. असे वाफे वसंतात जमिनीपेक्षा लवकर तापतात, हा वरचा लाभ. जमिनीतच लावायचे असेल, तर भरपूर कंपोस्ट घालावे आणि उघडी माती पेंढ्याने झाकावी, म्हणजे पावसात ती पानांवर उडत नाही. आपण मेथीची जुडी मुळासकट उपटतो. तिथे ती कात्रीने वरून कापावी आणि दोन-तीन पाण्यांतून धुवावी.