कामाला पावती, वेळेला शेजारी

आमच्या गल्लीत नळ कधी येणार, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेले नाही. तरी ते सगळ्यांना माहीत असते. नव्हते ते फक्त मला. पुण्याचे बिऱ्हाड आवरून आईजवळ सेलूला राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलो होतो. तासाभराने बाहेर आलो, तर शेजारच्या काकू अंगण धूत होत्या.

"भाऊ, नळ येऊन गेले की! मोटार नाही लावली?"

निम्न दुधना धरणाचे पाणी दारावरून निघून गेले होते आणि आमचा हौद कोरडाच. काकूंनी आपला पाइप भिंतीवरून आमच्या हौदात सोडला. मी आभार मानले आणि पुन्हा हेडफोन लावून बसलो. तिथेच चुकलो. ते कळायला वर्ष गेले.

शहरातून तालुक्याच्या गावी येणाऱ्याचे दोन समज पक्के असतात. एक, इथे ओळखीशिवाय कागद हलत नाही. दुसरा, इथले लोक नको तितक्या चौकशा करतात. म्हणून तो कचेरीसाठी 'आतला माणूस' शोधतो आणि गल्लीसाठी दार लावून घेतो. मीही तेच केले.

मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र हवे होते. चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. "साहेब, तुम्ही कशाला रांगेत उभे राहता? आपली ओळख आहे आत." दीड हजार रुपये आणि कागदांचा गठ्ठा त्यांच्या हाती दिला. मग रोज नवे कारण. आज साहेब दौऱ्यावर, उद्या सर्व्हर बंद. एकदा अर्जाचा क्रमांक मागितला, तर म्हणाले, "क्रमांक कशाला? मी आहे ना!" शेवटी मीच चौकशी केली, तेव्हा कळले की अर्ज भरलाच नव्हता. मुदत टळली. प्रमाणपत्र नसल्याने त्या वर्षी मुलीला राखीव जागेवर हक्क सांगता आला नाही. दीड हजारांचे दुःख नाही. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, ते मात्र अजून टोचते.

जे मला तेव्हा माहीत असायला हवे होते, ते आता सांगतो. राज्यात 2015 पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. दाखला देणे ही कुणाची मेहेरबानी नाही. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो, नाहीतर सेवा केंद्रात. पूर्ण अर्ज दिला की क्रमांकासह पोचपावती मिळते आणि दिवस तिथून मोजायचे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. विनाकारण टाळाटाळ सिद्ध झाली, तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. पण या साऱ्याची किल्ली एकच, ती पावती. ज्याच्या हाती पावती नाही, त्याचा अर्जच नाही.

आता दुसरी बाजू. पुढच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास आईला रक्ताची उलटी झाली. माझ्या फोनमध्ये पुण्यातल्या तीन हॉस्पिटलांचे नंबर होते, गावातला एकही नव्हता. ओळखीच्या एका गाडीवाल्याला लावत राहिलो. त्याचा फोन बंद. आमच्या मुलीचे रडणे ऐकून काकू धावत आल्या आणि त्यांनी आधी 108 लावला. 2014 पासून राज्यभर चालणारी ही रुग्णवाहिका फुकट येते आणि सोबत डॉक्टर असतो, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. ऐन वेळी आठवले नाही, इतकेच.

फोन उचलणारा आपल्या गावचा नसतो. 'मारुतीच्या पाराच्या मागची गल्ली' त्याला काय कळणार? काकूंच्या मुलाने गणेश मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला. दहा मिनिटांत तीन पोरे कोपऱ्याकोपऱ्यावर मोबाइलचे टॉर्च लावून उभी राहिली आणि गाडी थेट दाराशी आली. पुढे आईला परभणीला हलवले. दोन पिशव्या रक्त चढवावे लागले. सकाळच्या गाडीने त्याच मंडळाचे दोघे रक्त द्यायला परभणीला उतरले. त्यांच्या वर्गणीचे पावतीपुस्तक मी आदल्या गणपतीत 'नंतर या' म्हणून परत पाठवले होते.

आई बरी झाली. मी मात्र शहाणा झालो तो असा:

नव्या गावात गेल्यावर पहिल्या आठवड्यात नळाची वेळ, सरकारी दवाखान्याचा रस्ता आणि रात्री उघडे राहणारे औषधाचे दुकान विचारून ठेवा. ठिकाणाच्या नुसत्या नावावर जाऊ नका. आमच्याच जिल्ह्यात मानवत रोड स्टेशनावर उतरलेला पाहुणा मानवतला पोहोचलेला नसतो, गाव अजून काही किलोमीटर पुढे असते.

कचेरीत पैसे भरले की पावती मागा. फलकावर लिहिलेल्या शुल्कापेक्षा जास्त मागणारा आणि क्रमांक द्यायला टाळणारा, या दोघांपासून लांब राहा.

एका तरी मंडळात नाव घाला. भजनी मंडळ असो, वाचनालय असो, बचत गट असो की ज्येष्ठ नागरिक संघ. भजन येत नसेल तर सतरंज्या उचला. तिथे तुमचा रक्तगट आणि घराचा रस्ता चार लोकांना ठाऊक होतो.

मी जिथे ओळख शोधली तिथे नियम पुरेसा होता, आणि जिथे ओळख हवी होती तिथे मी दार लावून बसलो होतो. तुम्ही तसे करू नका. आजच एक कागद घ्या. त्यावर रुग्णवाहिकेचा 108, पोलिसांचा 112 आणि ऑनलाइन फसवणुकीचा 1930 लिहा. चौथा नंबर शेजारच्या घराचा. तो मात्र जाऊन विचारावा लागेल.