हायब्रिड गाडी की विजेवरची गाडी?

प्रस्तावना

पुष्कळ कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठी खरेदी म्हणजे गाडीची. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याच्या दृष्टीने तर गाडीची निवड हा रोजच्या भाकरीचा प्रश्न असतो. पूर्वी निवड पेट्रोल आणि डिझेल यांत होती. पुढे तीत सीएनजीची भर पडली. आता हायब्रिड गाडी आणि पूर्णपणे विजेवर चालणारी गाडी असे आणखी दोन पर्याय ग्राहकासमोर आले आहेत. दोन्ही इंधन वाचवतात, पण दोन्ही सर्वांनाच सारख्या सोयीच्या नाहीत. कोणती गाडी कोणाच्या उपयोगाची, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• हायब्रिड आणि विजेवरची गाडी यांच्या रचनेतील फरक सांगता येईल;
• दोन्ही गाड्यांच्या खर्चाचा हिशोब मांडता येईल;
• त्यांचा पर्यावरणावर होणारा परिणाम समजावून देता येईल;
• 'जर–तर' असलेली वाक्ये ओळखता व लिहिता येतील.

मूळ पाठ

थोडा इतिहास

विजेवरची गाडी आजची नाही. एकोणिसावे शतक संपत असताना अमेरिकेतील शहरांत वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या गाड्या एकाच रस्त्यावरून धावत होत्या. पेट्रोलची गाडी सुरू करण्यासाठी हाताने दांडा फिरवावा लागे, म्हणून अनेकांना विजेची गाडी अधिक सोयीची वाटे. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत इंजिन सुरू करणारा विद्युत स्टार्टर बसवला गेला. दांडा फिरवण्याचा त्रास संपला, पेट्रोल स्वस्त होत गेले आणि जड बॅटरीची गाडी मागे पडली.

तिचे पुनरागमन बॅटरीतील सुधारणांमुळे झाले. वजनाने हलकी आणि अधिक ऊर्जा साठवणारी लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. या बॅटरीच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटा कंपनीची 'प्रियस' ही हायब्रिड गाडी आली. भारतात २००१ मध्ये बंगळूरला 'रेवा' ही छोटी विजेवरची गाडी तयार झाली. तीत साध्या शिसे-आम्ल बॅटऱ्या होत्या आणि एकदा चार्ज केल्यावर ती सुमारे ८० किलोमीटर जाई. हीच गाडी लंडनच्या रस्त्यांवर 'जी-विझ' या नावाने धावली. जानेवारी २०२० मध्ये टाटा कंपनीची 'नेक्सॉन' गाडी विजेवरच्या रूपात आली. २०२२ मध्ये मारुती सुझुकी आणि टोयोटा यांच्या हायब्रिड गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आल्या.

दोन गाड्यांची रचना

हायब्रिड म्हणजे संकरित. या गाडीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन साधने असतात. कमी वेगात गाडी बरेचदा मोटरवर चालते; वेग वाढला किंवा चढ लागला की इंजिन मदतीला येते. तिची बॅटरी लहान असते, साधारणतः एक-दोन युनिट वीज साठवेल एवढीच. ती इंजिनाकडून आणि ब्रेक लावताना निर्माण होणाऱ्या विजेवर भरते. बाहेरून चार्ज करावी लागत नाही. काही हायब्रिड गाड्यांची बॅटरी मोठी असते व ती घरी चार्ज करता येते. तथापि अशा गाड्या भारतात फारशा दिसत नाहीत. याउलट काही गाड्यांत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, स्वतंत्रपणे गाडी चालवत नाही. त्यांना 'माइल्ड हायब्रिड' म्हणतात. जाहिरातीत नुसता 'हायब्रिड' शब्द दिसला, तर गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे विचारून घ्यावे. या पाठात हायब्रिड म्हणजे केवळ मोटरवरही चालू शकणारी 'स्ट्राँग हायब्रिड' गाडी समजावी.

विजेवरच्या गाडीत इंजिन, पेट्रोलची टाकी व धुराचा नळ यांपैकी काहीच नसते. पहिल्या विजेवरच्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिट क्षमतेची होती; अनेक नव्या गाड्यांत याहून मोठी बॅटरी असते. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तर विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेचा फार मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचवते. इंजिनाचे तेल बदलणे वगैरे कामे नसल्याने देखभालही कमी लागते. रस्त्यावर ही गाडी ओळखणे सोपे आहे. तिच्या क्रमांकाची पाटी हिरवी असते. हायब्रिड गाडीला ही पाटी मिळत नाही.

घाट आणि गर्दी

साध्या गाडीत ब्रेक लावला की चाकांची गती उष्णतेत रूपांतरित होऊन वाया जाते. वरील दोन्ही गाड्यांत मात्र मोटर उलट काम करून जनित्र बनते आणि ती गती विजेच्या रूपाने बॅटरीत परत साठवते. बोरघाट उतरताना दोन्ही गाड्या अशी वीज कमावतात. मात्र हायब्रिडची बॅटरी लहान असल्याने लवकर भरते आणि उरलेली ऊर्जा नेहमीच्या ब्रेकमध्ये वाया जाते. विजेवरच्या गाडीच्या मोठ्या बॅटरीत ती मावते. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर तिलाही जागा नसते.

हायब्रिडचा खरा लाभ शहराच्या गर्दीत होतो. वाहने थांबत-थांबत पुढे सरकत असताना तिचे इंजिन बंद राहते. महामार्गावर एकाच वेगाने जाताना इंजिन सतत चालू असते, म्हणून तेथे साध्या गाडीच्या तुलनेत बचत कमी होते.

हिशोब

समजा, पेट्रोल १०० रुपये लिटर आहे. साधी गाडी लिटरला १४ आणि हायब्रिड गाडी २० किलोमीटर जाते. घरची वीज ९ रुपये युनिट असून विजेवरची गाडी एका युनिटवर ६ किलोमीटर जाते. म्हणजे एका किलोमीटरला साध्या गाडीचा खर्च सुमारे ७ रुपये, हायब्रिडचा ५ रुपये आणि विजेवरच्या गाडीचा दीड रुपया होतो. आता असे धरू, की साध्या गाडीपेक्षा हायब्रिड २ लाख रुपयांनी आणि विजेवरची गाडी ३ लाख रुपयांनी महाग आहे.

वर्षातील ३०० दिवस रोज ४० किलोमीटर जाणाऱ्याची गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. हायब्रिड घेतल्यास त्याचे वर्षाला २४,००० रुपये वाचतात आणि जादा किंमत भरून निघण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. विजेवरची गाडी घेतल्यास ६६,००० रुपये वाचतात आणि सुमारे साडेचार वर्षांत किंमत वसूल होते. पण रोज १० किलोमीटरच जाणाऱ्याला विजेवरच्या गाडीची जादा किंमत वसूल होण्यास अठरा वर्षे लागतील आणि हायब्रिडची तेहतीस! एवढी वर्षे बहुधा गाडीच टिकणार नाही. त्याला केवळ पैशाच्या दृष्टीने साधी लहान गाडी किंवा बसच परवडेल. विजेवरची गाडी सर्वांत स्वस्त चालते, हे खरे. परंतु ती पुरेशी चालली तरच ती स्वस्त पडते.

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील दर घालून हिशोब पुन्हा करावा. बॅटरीचाही विचार करावा. अनेक कंपन्या विजेवरच्या गाडीच्या बॅटरीची ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. त्यानंतर बॅटरी बदलावी लागल्यास मोठा खर्च येतो. करांतही फरक आहे. विजेवरच्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून वस्तू व सेवा कर ५ टक्के झाला. हायब्रिडवर २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीला १८ टक्के आणि मोठ्या गाडीला ४० टक्के असे दर लागू झाले. हायब्रिडला सवलत मिळावी की नाही, याविषयी खुद्द वाहन-उद्योगातच दोन मते आहेत.

चार्जिंगची जागा

घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३० युनिटची बॅटरी पूर्ण भरण्यास आठ-दहा तास लागतात. स्वतःचे अंगण असलेल्याला याची अडचण नाही. गाडी रात्री लावावी आणि सकाळी काढावी. केंद्रीय विद्युत मंत्रालयाच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करण्याची मुभा आहे. पण चाळीत राहणाऱ्याने किंवा रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणाऱ्याने वायर कोठून आणावी? त्याला सार्वजनिक केंद्रावर जावे लागते. तेथे युनिटला १८ रुपये पडले, तर किलोमीटरचा खर्च दुप्पट, म्हणजे ३ रुपये होतो. जलद चार्जिंगलाही तासभर जाऊ शकतो. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने हा तास कमाईचा असतो. अशा वेळी पाच मिनिटांत पेट्रोल भरून पुढे जाणारी हायब्रिड गाडी त्याला जवळची वाटली, तर नवल नाही.

गाडी 'एका चार्जमध्ये' किती जाते याचा जाहीर आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांतील ठरावीक चाचणीवरून येतो. भर उन्हात वातानुकूलन चालू असताना, महामार्गावरील वेगात प्रत्यक्ष अंतर त्याहून कमी भरते. जाहीर आकड्यावर विसंबून लांबचा प्रवास आखू नये.

धूर कोठे जातो?

विजेवरची गाडी रस्त्यावर धूर सोडत नाही. शाळेजवळच्या, बाजारातल्या हवेसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण तिची वीज येते कोठून? भारतातील बहुतांश वीज अजून कोळशापासून तयार होते. एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या उदाहरणातील विजेवरच्या गाडीच्या वाट्याला किलोमीटरमागे सुमारे ११७ ग्रॅम येतो. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो; म्हणून हायब्रिडचा वाटा सुमारे ११५ ग्रॅम आणि साध्या गाडीचा १६४ ग्रॅम. पेट्रोल शुद्ध करताना आणि बॅटरी बनवतानाही प्रदूषण होते. ते या आकड्यांत धरलेले नाही.

आज दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीत दिसतात. पण त्यांचा पुढचा मार्ग वेगळा आहे. देशात सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल, तसतशी तीच विजेवरची गाडी अधिक स्वच्छ होत जाईल. हायब्रिड गाडी मात्र शेवटपर्यंत पेट्रोलच जाळणार.

निष्कर्ष

कोणती गाडी चांगली, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. रोजचे अंतर पुरेसे असेल आणि घरी चार्जिंगची हक्काची जागा असेल, तर विजेवरची गाडी योग्य. गर्दीच्या शहरात भरपूर गाडी चालवावी लागत असेल, पण चार्जिंगची सोय नसेल, तर हायब्रिड उपयोगी. अंतरच थोडे असेल, तर दोहोंपैकी एकीचीही घाई करू नये. शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा ही वही अधिक खरा सल्ला देईल.

शब्दार्थ

संकरित – दोन भिन्न प्रकारांच्या मिश्रणातून झालेले
जनित्र – वीज निर्माण करणारे यंत्र
विसंबणे – भरवसा ठेवणे
मुभा – परवानगी

भाषाभ्यास

'रोजचे अंतर पुरेसे असेल, तर विजेवरची गाडी योग्य.' या वाक्यात एका गोष्टीवर दुसरी अवलंबून आहे. 'जर–तर' या अर्थाने जोडलेल्या अशा वाक्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. यात 'जर' अनेकदा अध्याहृत असतो. पाठातून अशी आणखी तीन वाक्ये शोधा.

पाठगत प्रश्न

१. 'रेवा' गाडी कोणत्या शहरात तयार झाली?
२. हायब्रिडची बचत महामार्गापेक्षा शहरात अधिक का होते?
३. घाट उतरताना हायब्रिडची सर्व ऊर्जा बॅटरीत का साठत नाही?

स्वाध्याय

१. एक शिक्षिका वर्षातील ३०० दिवस रोज २० किलोमीटर गाडी चालवते. पाठातील दर वापरून, विजेवरच्या गाडीची जादा किंमत किती वर्षांत वसूल होईल ते काढा.
२. 'विजेवरची गाडी प्रदूषण करत नाही.' हे विधान कितपत खरे आहे? आठ-दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या सोसायटीच्या वाहनतळात चार्जिंगची सोय व्हावी, यासाठी सचिवांना विनंतिपत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. बंगळूर. २. गर्दीत कमी वेगाने जाताना इंजिन बंद राहते. महामार्गावर ते सतत चालू असते. ३. तिची बॅटरी लहान असल्याने लवकर भरते.