अक्षर तेच, अर्थ निराळा

२०१५ साली नेपाळात मोठा भूकंप झाला. पुढच्या वर्षी आम्ही काही मंडळी काठमांडूला मदतीस गेलो. नेपाळीची अक्षरे आपलीच, बाळबोध. पाट्या घडाघडा वाचता येत. 'छ' म्हणजे आहे, 'छैन' म्हणजे नाही, एवढे शिकलो. वाटले, भाषा आलीच!

ज्यांच्या घरी उतरलो, त्या बाईंनी डाळभात वाढला. विचारले, "मिठो छ?" आम्ही समजलो, मीठ आहे का? डाळ होती अळणी. ऐटीत म्हटले, "छैन!" बाईंचा चेहरा उतरला. शेजारी म्हणाले, "अहो, मिठो म्हणजे चवदार. मिठाला इथे नुन म्हणतात."

आम्ही हात जोडले. "दिदी, मिठो छ. नुन छैन!" बाई हसल्या. नुन वाढले.

मंडळी, वाचता आले, तरी अर्थ विचारावा. विचारण्यात लाज कसली?