गाडी आधी सांगते

तुमच्यापैकी कोणी मुंब्र्याला राहत असेल, कोणी कल्याणला, तर कोणी भिवंडीला. शाळेत जाताना तुम्ही कधी रिक्षात बसता, कधी बसमध्ये. गाडी धावू लागली की आपण गप्पा मारतो. पण गाडीही काही सांगत असते. तिचे सांगणे ज्याला कळते, तो अपघात टाळू शकतो.

प्रथम रिक्षाचा ब्रेक कसा लागतो ते पाहू. चालक पायाने ब्रेक दाबतो. तो दाब नळीतल्या तेलावर पडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम आहे. तेल तो दाब चाकापर्यंत नेते. तेथील लायनर ड्रमला घासतात आणि चाक थांबते.

आता बिघाडाच्या खुणा पाहा. ब्रेक स्पंजासारखा मऊ लागला, तर नळीत हवा शिरलेली असू शकते. हवा सहज दबते, तेल तसे दबत नाही. म्हणून मिस्त्री ती हवा काढून टाकतो. पाय दाबून ठेवला असता ब्रेक हळूहळू खाली जाऊ लागला, तर तेल गळते आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर झिजले आहे असे समजावे. अशी गाडी पुढे नेऊ नये. ब्रेक लावताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर ऐकू आली, तर लायनर संपत आले आहेत.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की लायनर ओले होतात व ब्रेक नीट लागत नाही. अशा वेळी गाडी हळू चालवून ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबावा. घर्षणाच्या उष्णतेने लायनर सुकतात. पण फार उष्णताही वाईट. नाशिकहून येताना कसारा घाटात ट्रकचालक सतत ब्रेक दाबत राहिला, तर लायनर तापतात, जळका वास येतो आणि ब्रेकची पकड कमी होते. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर वापरतात. मग इंजिनच गाडीचा वेग रोखते.

मोटारीचे स्टेअरिंगही असेच इशारे देते. ते जड झाले, तर आधी पुढच्या चाकांतील हवा पाहावी. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला जाऊ लागली किंवा टायर एकाच कडेने झिजला, तर अलाइनमेंट तपासावे. चाक खड्ड्यात जोराने आदळले की ते बिघडते. स्टेअरिंग बरेच फिरवूनही चाके वळत नसतील, तर त्याचे सांधे झिजलेले असतात. येथे एक दिवसाचाही उशीर करू नये.

मग इशारा मिळूनही काही चालक गाडी का थांबवत नाहीत? गाडी गॅरेजमध्ये ठेवली की त्या दिवसाची कमाई बुडते. ही अडचण खरी आहे. त्या कमाईवरच घरची चूल पेटते. पण लायनर वेळेवर बदलले तर काम थोडक्यात भागते. उशीर केला तर ड्रमही खराब होतो, खर्च वाढतो आणि सर्वांचे प्राण धोक्यात येतात.

तुम्ही एवढे नक्की करा. आज आपल्या सायकलच्या ब्रेकचे रबर व तार तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली, तर ती दुकानात दाखवा. आणि रिक्षात करकर ऐकू आली, तर गप्प बसू नका. नम्रपणे म्हणा, “चाचा, ब्रेकमधून आवाज येतो आहे.”

शब्दार्थ
बिघाड – खराबी, दोष
खूण – निशाणी
इशारा – सूचना
झिजणे – घासून कमी होणे

स्वाध्याय
१. ब्रेक मऊ का लागतो?
२. घाट उतरताना खालचा गिअर का वापरतात?
३. चालक दुरुस्ती का लांबवतात? त्याबद्दल तुम्हांला काय वाटते ते पाच ओळींत लिहा.